सात मे ते चौदा जून

शिवांजलीचं पत्र आलं त्या दिवशी मी उत्तर लिहायला बसलोही होतो. वर तारीख घातली, 'चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद' एवढं लिहिलं आणि पेनाला टोपण लावलं. तो जुलै २०१४ होता. तो कागद अजून आहे. तिच्या पत्रासोबत, एकाच खाकी फायलीत. पुढच्या अकरा वर्षांत त्यावर एक अक्षर वाढलं नाही.

तिचं पत्र दोन पानांचं होतं, वहीची पानं फाडून लिहिलेलं, पण अक्षर नेहमीसारखं सरळ. 'सर, तुम्ही ईमेल बघत नाही म्हणून पोस्टानं पाठवते,' अशी सुरुवात होती. सोबत एक छापील कागद घडी करून घातला होता. डाव्या बाजूला विहिरींची नावं, उजवीकडं आकडे. त्यातल्या एका आकड्याभोवती तिनं पेन्सिलीनं गोल केला होता : १६.२२५१.

आधी मी कोण ते सांगायला हवं. सांगण्यासारखं फारसं नाही. नळदुर्गजवळच्या एका तंत्रनिकेतनात मी सत्तावीस वर्षं गणित शिकवलं. पुढं कॉम्प्युटर आले आणि शिकवायला माणूस मिळेना, तेव्हा प्राचार्यांनी पुस्तकांचा एक गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "उमाशंकर सर, तुम्हीच बघा." वर्गात माझा आवाज तिसऱ्या बाकापलीकडं जात नसे. पुस्तकातून जे कळलं ते खरोखर कळलंय का, याची मला कधी खात्री वाटली नाही. ती करून घ्यावी म्हणून मी एक लहानशी प्रोग्रामिंगची भाषा बनवली आणि तिचा कंपायलर लिहिला. माणसानं लिहिलेला प्रोग्राम यंत्राला चालवता येईल अशा रूपात उतरवून देणारा प्रोग्राम म्हणजे कंपायलर. माझ्या भाषेतले शब्द मराठी होते, कारण आमच्या मुलांची अर्धी ताकद इंग्रजी शब्दांशी झुंजण्यातच जायची. भाषेचं नाव ठेवलं बोरी, किल्ल्याजवळून वाहणाऱ्या नदीचं. मुलं हसली. शिवांजली हसली नाही. चौथ्या दिवशी ती माझ्या कंपायलरमधल्या तीन चुका कागदावर लिहून घेऊन आली आणि म्हणाली, "सर, रागावू नका."

ती परांडा तालुक्यातल्या सोनारीची. वडील कोंडीराम शेती करायचे. भावकीत कुणी मुलगी इतक्या लांब शिकायला ठेवली नव्हती, त्यांनी ठेवली. वर्षातून एकदा ते कॉलेजात यायचे, भैरवनाथाचा अंगारा पुडीत बांधून माझ्या हातात द्यायचे आणि विचारायचे, "पोरगी खरंच हुशार हाय का सर, का उगं म्हणता?" मी म्हणायचो, "खरंच आहे."

आमच्याकडचं शिक्षण संपवून ती मोठ्या गावच्या कॉलेजात गेली. तिथल्या शेवटच्या वर्षाला तिनं प्रकल्प घेतला तो गावाकडच्या विहिरींचा. परांड्याच्या बाजूच्या सेहेचाळीस शाळांमध्ये मास्तर आणि मुलं मिळून दर आठवड्याला जवळच्या विहिरीचं पाणी मोजायची. तिनं दिलेलं एक छोटं यंत्र पाण्याची खोली आणि त्या क्षणाची वेळ टिपून ठेवायचं. दोन नोंदींमध्ये किती वेळ गेला आणि पाणी किती उतरलं, यावरून रोज किती सेंटिमीटर पाणी उतरतं ते काढायचं. हे गणित करणारा प्रोग्राम तिनं बोरीत लिहिला होता. दुसऱ्या कितीतरी चांगल्या भाषा असताना बोरीत. 'तुमचं नाव छापील पुस्तकात यावं अशी माझी इच्छा होती,' असं पत्रात होतं.

तिच्या प्रकल्पातून एक विलक्षण गोष्ट निघाली. पावसाळा सोडला तर विहिरी रोज चार-पाच सेंटिमीटरनं उतरतात, पण मे महिन्यात एकदम तिप्पट वेगानं उतरतात. रोज सोळा सेंटिमीटर. तिनं त्यावर तीस पानं लिहिली. बोअरचे उपसे, उन्हाळी पिकं, सगळी कारणं शोधली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी एक विहीर निवडली. सात मे ते चौदा जून, दिवस अडतीस, पाणी उतरलं एकशे नव्वद सेंटिमीटर. त्यांनी कागदावर भागाकार केला. पाच. मग तिचाच प्रोग्राम आपल्या लॅपटॉपवर चालवला. पाच. "सोळा कुठून आणले?" ती म्हणाली, लॅबच्या मशिनवर हेच येतं, चला, चालवून दाखवते. ते म्हणाले, त्या मशिनवर तू काय काय करून ठेवलंयस ते आम्हाला काय माहीत?

निकालाच्या कागदावर शेरा पडला : आकडे बनावट.

'सर,' तिनं शेवटी लिहिलं होतं, 'दर आठवड्याच्या नोंदी मी हातानं तपासल्या होत्या, त्या बरोबर होत्या. मेच्या तपासल्या नाहीत, ही माझी चूक. पण आकडे मी बनवले नाहीत. कंपायलरमुळे असं होऊ शकतं, एवढी एक ओळ तुम्ही सही करून दिलीत तर ते पुन्हा बघतो म्हणालेत. महिन्याची मुदत आहे. खाली वडिलांचा नंबर देते.'

मी तिचा प्रोग्राम माझ्या मशिनवर चालवला. पाच आलं. पुन्हा चालवला. पाच. कंपायलरच्या ओळी दोन दिवस वाचल्या. काही सापडलं नाही. हातानं पाच, परीक्षकांच्या यंत्रावर पाच, माझ्या यंत्रावर पाच. मग राहिलं कोण?

तिनं चारदा परत परत सांगितलं असतं तरी माझ्या मनात जे आलं ते आलंच. मुलगी हुशार आहे, प्रकल्प साधा निघत होता, काहीतरी मोठं निघावं असं वाटलं असेल. तरुण वय. हे मी कुणाला बोललो नाही. तिला 'तू खोटं बोलतेस' लिहायचं धैर्य नव्हतं आणि 'कंपायलर चुकला असेल' लिहायला पुरावा नव्हता. खोटं सर्टिफिकेट द्यायचं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. तत्त्वाची गोष्ट म्हणून सांगितलं. महिना गेला. मग वाटलं, आता उशीर झाला, आता कसलं उत्तर.

यंदा उन्हाळ्यात माझ्या जुन्या कॉम्प्युटरची डिस्क टकटक आवाज करू लागली. बोरीचा सगळा मजकूर तिच्यावर होता. बंडप्पा आमच्याच गल्लीत राहतात. कॉलेजात ते लॅब असिस्टंट होते, माझ्यानंतर दोन वर्षांनी निवृत्त झाले. रोज चारच्या चहाला येतात. आवाज ऐकून म्हणाले, "सर, हे आता जातंय बघा. ह्याच्या तोंडात पाणी घाला." दुसऱ्या दिवशी त्यांनी सुनेचा जुना लॅपटॉप आणून दिला. त्यावर विंडोज होतं. मी आयुष्यभर लिनक्सवर काम केलेलं. मजकूर उतरवून घेतला आणि सहज वाटलं, बोरी इथं उभी राहते का बघावं.

दुपारचे दोन वाजले होते. बाहेर हायवेवरून ट्रक जात होते, त्यांच्या हादऱ्यानं खिडकीची काच वाजत होती. मी कंपायलर बांधायला लावला आणि पडद्यावर पिवळ्या ओळी येऊ लागल्या. इशारे. एक्केचाळीस. बहुतेकांचा अर्थ एकच : इथं मोठा आकडा लहान जागेत ठेवला जातोय, काही भाग गळू शकतो.

माझ्या मशिनवर हे इशारे कधी आले नव्हते. एकही नाही.

मी उठून फाईल काढली. शिवांजलीचा प्रोग्राम जुन्या मशिनवर होताच, तो आणला. त्या एका विहिरीच्या दोन नोंदी घातल्या. सात मे, चौदा जून. कळ दाबली.

१६.२२५१.

चौथ्या दशांशापर्यंत तेच. मी छापील कागद पडद्याशेजारी धरला. पेन्सिलीचा गोल पुसट झाला होता, आकडा पुसट झाला नव्हता. लाइट गेली, पंखा थांबला, लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला आणि आकडा तिथंच.

चूक शोधायला वीस मिनिटंसुद्धा लागली नाहीत. बोरीत 'अंतर' नावाचा शब्द आहे. दोन संख्यांमध्ये किती फरक आहे ते तो सांगतो, आधी कुठलीही द्या, उणे चिन्ह काढून टाकतो. आतमध्ये हे चिन्ह काढायचं काम मी एका तयार फंक्शनवर सोपवलं होतं. ते फंक्शन 'लाँग' प्रकारची संख्या घेतं. माझ्या लिनक्सवर लाँगला आठ बाइटची जागा मिळते; परीक्षकांचा लॅपटॉपही लिनक्सवरचाच असणार. विंडोजवर चार बाइटची. दोष यंत्रणेचा नाही. दोन्हीकडं तसंच ठरलेलं आहे आणि पुस्तकात लिहिलेलं आहे. मी ते पान वाचलं होतं. त्या पानावर माझीच पेन्सिलीची खूण आहे.

शिवांजलीचं यंत्र वेळ सेकंदाच्या हजाराव्या भागात मोजायचं. चार बाइटमध्ये असे भाग मावतात ते चोवीस दिवस आणि साडेवीस तासांचे. नोंदी आठवड्याच्या असतील तर सगळं बरोबर. सुट्टी लागली, शाळा बंद झाल्या, मास्तर सात मेला गेले ते चौदा जूनला आले, की अडतीस दिवस त्या जागेत मावायचे नाहीत. वरचा भाग गळून आकडा उणे व्हायचा आणि चिन्ह काढलं की उरायचे अकरा दिवस सतरा तास. एकशे नव्वदला त्यानं भागा. सोळा पूर्णांक काहीतरी. मेमध्ये विहिरी तिप्पट उतरत नव्हत्या. मेमध्ये शाळा बंद होत्या.

चारला बंडप्पा आले. मी त्यांना पडदा दाखवला.

"हे तर तेच की," ते म्हणाले.

"तेच म्हणजे?"

"पिवळ्या ओळी. लॅबसाठी बोरीची विंडोजवाली प्रत म्याच काढली होती न्हवं का? तवा बी आल्या होत्या. चाळीस का किती. म्या तुमच्याकडं पळत आलो. तुम्ही स्टाफरूममधी पेपर तपासत होता."

"मग?"

बंडप्पांनी बशीत चहा ओतला. "मग काय. तुम्ही इचारलं, इशारा आहे का चूक आहे? म्या म्हणलं, इशारा. तुम्ही म्हणलात, प्रोग्राम चालतोय ना? म्हणलं, चालतोय. मग राहू दे म्हणलात."

मला यातलं काही आठवत नव्हतं. अजूनही आठवत नाही. पण ते खरं असणार. वाक्य माझंच वाटतं.

"शिवांजलीनं हीच प्रत नेली होती?"

"सीडी म्याच करून दिली की तिला. सोनारीची न्हवं का? पेढे घेऊन आली होती." मी छापील कागद त्यांच्या पुढं केला. त्यांनी आकडा बघितला, पडदा बघितला, पुन्हा कागद. बशी खाली ठेवली. कन्नडमध्ये काहीतरी पुटपुटले.

"तवा सांगायचं न्हाय का सर मला," ते म्हणाले. "असं पत्र आलंय म्हणून. म्या लगेच लॅबच्या मशिनवर चालवून बघितलं असतं."

सांगितलं असतं तर दहा मिनिटांचं काम होतं. लॅब माझ्या खोलीपासून तीस पावलांवर होती. मी कुणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर माझा कंपायलर चुकला असेल असं कुणीतरी म्हटलं असतं.

पुढचे बारा दिवस मी बोरी दुरुस्त केली. हे का केलं ते मला नीट सांगता येणार नाही; बोरी आता कुणीच वापरत नाही. पण दुरुस्त न करता पत्र लिहिणं म्हणजे पुन्हा अंदाजानं बोलणं झालं असतं. मी सगळा मजकूर कागदावर छापून घेतला आणि जिथं जिथं लाँग होतं तिथं तांबड्या पेनानं खूण केली. एकशे सतरा जागा.

आमच्या आजोबांचं किराणा-धान्याचं दुकान होतं. त्या काळी नळदुर्ग निजामाकडं आणि सोलापूर इंग्रजाकडं. आजोबा सांगायचे, दुकानात दोन पायल्या टांगलेल्या असत, एक इकडच्या मापाची, एक तिकडच्या. दोन्हींना पायलीच म्हणायचे. सोलापूरच्या पायलीच्या कडीला त्यांनी तांबडा दोरा बांधला होता. 'पायलीभर ज्वारी द्या' म्हणून कुणी आलं, तर हात लावायच्या आधी विचारायचे, कुठली पायली? घरातल्या लहान पोराला बोलता यायला लागलं की पहिलं हे शिकवत. मलाही शिकवलं होतं. तोवर निजामही गेला होता आणि पायल्याही माळ्यावर गेल्या होत्या, तरी शिकवलं. त्या घरातला मी, आणि एकशे सतरा ठिकाणी नुसतं 'लाँग' लिहून बसलो.

पहिल्यांदा मी विंडोजवर आठ बाइटचं चिन्ह काढणारं जे खास फंक्शन असतं ते घातलं. तिथं उत्तर बरोबर आलं. जुन्या मशिनवर नेलं, तर ते म्हणालं, या नावाचं फंक्शन मला माहीत नाही. एकीकडं बसवावं तर दुसरीकडं निघतं. शेवटी सगळ्या लाँगच्या जागी किती बाइट ते नावातच असलेले प्रकार घातले आणि चिन्ह काढायचं फंक्शन स्वतः लिहिलं. चार ओळींचं. उणे असेल तर उलट कर, नाहीतर तसंच दे. त्यातही एक अडचण निघाली. आठ बाइटमध्ये सगळ्यात लहान जी उणे संख्या असते तिला अधिक बाजूला जोडीदारच नसतो. तिचं चिन्ह काढा म्हटलं तर ती उणेच्या उणे परत येते. काहीही केलं तरी. तिच्यासाठी मी निराळी ओळ लिहिली : इथं उत्तर देता येत नाही असं सांग आणि थांब.

बाराव्या दिवशी दोन्ही मशिनवर एकही इशारा आला नाही. सात मे, चौदा जून. इकडं ५.००००, तिकडं ५.००००. बंडप्पांनी टाळी वाजवली. मला काही वाटलं नाही. पाच तर परीक्षकांनी अकरा वर्षांपूर्वी कागदावर काढलं होतं.

तिचा पत्ता नव्हता. पत्राखाली कोंडीरामांचा नंबर होता. एवढ्या वर्षांत नंबर राहतो का, असं म्हणत मी दोन दिवस काढले. मग बंडप्पांनीच माझ्या हातातून फोन घेतला, नंबर लावला आणि परत माझ्या हातात दिला.

बाईचा आवाज आला. "कोण बोलतंय?"

"मी नळदुर्गहून उमाशंकर. शिवांजलीचा कॉलेजातला…"

"सर व्हय? तुमी हाव का अजून? म्या म्हनलं, गेलाव. न्हायतर कागद आला असता."

त्या मथुराबाई, शिवांजलीच्या आई. मी कोंडीरामांना फोन द्या म्हणालो.

"मालक न्हाईत. करोनात गेलं."

त्यांनी पुढं सांगितलं, कुणाला तरी ठाऊक असलेली गोष्ट सांगावी तसं. "ती पोस्टमनच्या वाटंवर उभी ऱ्हायाची, सर. महिनाभर. तो सायकलीवरनंच हात हालवायचा, न्हाय म्हनून. मालक म्हनलं, सर बी गप बसलं, म्हंजी पोरीनंच कायतरी केलंय. भावकीत त्येंनाच लई ऐकून घ्यावं लागलं. मग त्या सालीच लगीन लावलं तिचं. शेवटपतूर बोललं न्हाईत तिच्याशी धड. दवाखान्यात बी तिनं डबा आनायचा आन् ह्येंनी तोंड भिंतीकडं करायचं."

"मथुराबाई, तिनं काही केलं नव्हतं. चूक माझी होती. मला आत्ता सापडली."

"आत्ता," त्या म्हणाल्या. प्रश्न नव्हता तो.

"ती कुठं असते?"

"ढोकीला दिलीय. जावई हंगामात कारखान्याला ऊस वाहतो, ट्रॅक्टर हाय. ती घरी शिकवन्या घेती. गनिताच्या. सातवीपतूर. म्होरलं न्हाय घेत. लोकं लई मागं लागत्यात, पर म्हनती, मला येत न्हाय."

मी पत्ता लिहून घेतला. माझं अक्षर मलाच वाचता येईना, म्हणून पुन्हा विचारला. त्यांनी पुन्हा सांगितला, सावकाश.

"लिवा," फोन ठेवताना त्या म्हणाल्या. "आता त्याचं काय व्हायचंय? पर लिवा. तिला."

पत्र लिहायला पाच दिवस लागले. मी लाँग आणि बाइट समजावून सांगायला लागलो, की चार पानं व्हायची आणि माझा दोष त्यात कुठंतरी बुडून जायचा. ती पानं फाडली. शेवटी एकच पान राहिलं. मे महिन्याचा आकडा कुठून आला, ते सहा ओळींत. बंडप्पांनी इशारे दाखवले होते आणि मी राहू दे म्हणालो होतो, तेही. मग निराळ्या कागदावर, तिनं मागितली होती ती ओळ, सही आणि तारखेसह : सोबतचा आकडा शिवांजली कोंडीराम हिनं बनवलेला नसून, मी लिहिलेल्या कंपायलरमधल्या दोषामुळे आलेला आहे. हे मी दोन्ही यंत्रांवर तपासून लिहीत आहे. सोबत जुनी प्रिंट, नवी प्रिंट.

बंडप्पांना वाचायला दिलं. त्यांनी चष्मा वर करून वाचलं. ओठ हलत होते.

"समदं ठीक हाय," ते म्हणाले. "हे एक वाक्य काढा."

मला ठाऊक होतं कुठलं. 'त्या वेळी मी गप्प बसलो, कारण आकडे तूच बदलले असशील असं मला वाटलं होतं.'

"काढा सर. तिला काय गरज हाय हे कळायची? कंपायलर चुकला, संपलं. तब्येत बरी नव्हती लिवा. पत्र उशिरा मिळालं लिवा. पोस्टाला कोण इचारतंय?"

"तिच्या वडिलांनाही तेच वाटत होतं."

"म्हणून तर. दोन माणसांनी तिला खोटी धरली हे लिवून पाठवायचं? उगं खपली काढायची?"

ते चुकीचं बोलत होते असं नाही. अजूनही मला वाटतं, कदाचित त्यांचंच बरोबर असेल. मी पत्र घडी करून फायलीत ठेवलं. दोन दिवस ते तिथंच राहिलं. तिसऱ्या दिवशी मी ते पुन्हा लिहून काढलं, त्या वाक्याशिवाय. वाचून बघितलं. छान झालं होतं. त्यात एक म्हातारा मास्तर होता, त्याच्या हातून एक तांत्रिक चूक झाली होती आणि त्यानं मोठ्या मनानं ती कबूल केली होती. कुणीही म्हटलं असतं, सर किती चांगले. मात्र तिनं पाठवलेल्या पत्राचं उत्तर त्यात नव्हतं. 'आकडे मी बनवले नाहीत' असं तिनं मला लिहिलं होतं. मी विश्वास ठेवला की नाही, हे तिला अकरा वर्षं माहीत नव्हतं. सातवीच्या पुढं शिकवायला ती नाही म्हणते, ते बाइटमुळे नाही म्हणत.

पहिलं पत्र पाकिटात घातलं. दुसरं फाडलं. अकरा वर्षांपूर्वीचा अर्धवट कागदही पाकिटात घातला, 'चि. शिवांजलीस अनेक आशीर्वाद' एवढाच मजकूर असलेला. तो का घातला, मला सांगता येत नाही. पुन्हा काढावा असंही वाटलं, पण तोवर डिंक वाळला होता.

पोस्टात साडेदहाला गेलो. बंडप्पा सोबत येतो म्हणाले, मी नको म्हणालो. तरी ते आलेच आणि बाहेर लिंबाखाली उभे राहिले. खिडकीत नवीन मुलगी होती. तिनं पाकीट वजनावर ठेवलं आणि पत्ता वाचला.

"काका, आत काय आहे?"

"कागद आहेत."

"घेणाऱ्याचा मोबाइल नंबर?"

"नाही माझ्याकडं."

"मग तुमचा सांगा. परत आलं तर तुम्हाला कळवायला."

मी सांगितला. शेवटचे दोन अंक विसरलो. खिशातला फोन काढून बघून सांगितले. मागचा माणूस हातातलं पार्सल या काखेतून त्या काखेत घेत होता. मुलीनं पावती फाडून पुढं सरकवली.

"ढोकी ना? जवळच आहे. दोन दिवसांत मिळेल त्यांना."

तिनं पाकिटावर शिक्का मारला, एकदा नीट उमटला नाही म्हणून पुन्हा मारला, आणि पाकीट मागं न बघता मागच्या पोत्यात टाकलं.